दोनच्या पाळीचा रिलीव्हर

आमच्या घरात जागेवरून उठायचं तर आधी चार्ज द्यावा लागायचा. हसू नका, खरंच सांगते. अण्णा, म्हणजे माझे वडील, आंघोळीला निघाले की बाहेरच्या खोलीतून आईला हाक मारायचे, "चार्ज घे गं." आई आत भाकऱ्या थापत असायची. ती तिथूनच ओरडायची, "घेतला!" अण्णा जागचे हलायचे नाहीत. "तसा नाही. इथे ये, बघ आणि घे." मग ती तांदळाच्या पिठाचे हात वर धरून बाहेर यायची, कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा आकडा मोठ्याने वाचायची, "एकसष्ट पॉइंट चार. घेतला बाई चार्ज. आता जा, नळ जाईल." तेव्हा कुठे टॉवेल खांद्यावर टाकून अण्णा उठायचे. डोंबिवलीला मानपाड्याच्या आमच्या चाळीत हा प्रकार सगळ्यांना पाठ झालेला. पोरं गॅलरीत खेळताना एकमेकांना "चार्ज घे रे" म्हणायची आणि पळून जायची.

अण्णा बॉयलर अटेंडंट होते. मंडणगडकडच्या गावातून अंगावरच्या कपड्यांनिशी आलेला माणूस, एमआयडीसीत कापड रंगवायच्या कारखान्यात कोळसा ओढायला लागला आणि पुढे परीक्षा देऊन सर्टिफिकेटवाला झाला. ते सर्टिफिकेट काचेच्या फ्रेममध्ये, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंच्या खाली, पण त्याच भिंतीवर. बॉयलरचा पहिला नियम त्यांनी मला मी पहिलीत असल्यापासून ऐकवलेला: पेटलेला बॉयलर सोडून जायचं नाही. पाण्याच्या काचेवर नजर हवी, कान सेफ्टी व्हॉल्व्हकडे हवा. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, येतो, काच बघतो, लॉगबुकात सही करतो, मग तुम्ही उठता. तो आला नाही तर दुसरी पाळी पण तुमचीच. त्यांच्या ओळखीचा एक अटेंडंट एकदा चहाला म्हणून बाहेर गेलेला, आणि तेवढ्यात जे व्हायचं ते झालं. त्याचा मदतनीस भाजला. अण्णा त्या मदतनिसाला वर्षानुवर्षं केळी घेऊन भेटायला जायचे. स्वतःची काही चूक नसताना. आम्ही विचारलं तर म्हणायचे, "कुणीतरी जायला पाहिजे ना."

तो कारखाना बंद पडला. कसा आणि का, ते सांगत बसत नाही. त्या काळात आमच्याकडे कारखाने बंद पडायचे आणि माणसं घरी यायची, एवढं पुरे. अण्णा घरी आले आणि मुके झाले. सकाळी सहाला उठून, दाढी करून, खाकी पॅंट चढवून गॅलरीत उभे राहायचे. दुसऱ्या कारखान्यांचे भोंगे व्हायचे, रस्त्यावरून माणसं डबे घेऊन जायची. कुणी "काय अण्णा?" म्हटलं की हात वर करायचे. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी असायची तेव्हा ते जरा बरे असायचे, कारण त्या दिवशी सगळेच घरी. आईने ब्लाउज शिवायची कामं वाढवली. तिचं मशीन दिवसभर खडखडायचं आणि त्या आवाजात ती बोलायची, "अहो, विहारात तरी जाऊन बसा." ते जायचे, झाडून काढायचे, परत यायचे. जेवताना सुकटीचं कालवण असलं तरी दोन घासांत हात धुवायचे. सुकट म्हणजे त्यांचा जीव की प्राण, त्यावरून ओळखा. मला तेव्हा त्यांचा राग यायचा. एकविसाव्या वर्षी माणसाला दुसऱ्याच्या दुःखाचा कंटाळा फार लवकर येतो, निदान मला यायचा.

मी ठाण्याला नौपाड्यात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. दोन हजार साल येणार, सगळे कॉम्प्युटर बोंबलणार, अशी हवा असलेले ते दिवस. क्लासमधला एक जुना कॉम्प्युटर सरांनी मला घरी न्यायला दिला, सोबत एक खटारा यूपीएस. "सराव कर," म्हणाले. क्लासमध्ये इंटरनेट होतं. तिथे मला एक विलक्षण गोष्ट सापडलेली. परदेशातल्या काही शास्त्रज्ञांनी मोठमोठ्या तबकड्या लावून आकाशातला आवाज भरून ठेवलेला. आवाज म्हणजे नुसती खरखर. त्या खरखरीत कुणी मुद्दाम पाठवलेलं काही आहे का, ते शोधायचं होतं. काम एवढं अवाढव्य की त्यांची यंत्रं पुरेनात. म्हणून त्यांनी जगभरच्या लोकांना सांगितलं, तुमचा कॉम्प्युटर रिकामा बसलेला असतो, त्या वेळात आमच्या आवाजाचा एक तुकडा तपासून द्या. पैसे मिळणार नाहीत. घरी आमच्याकडे फोन नव्हता, म्हणून मी एकेक तुकडा फ्लॉपीवर घ्यायचे, डब्याच्या पिशवीतून डोंबिवलीला आणायचे, तो घरच्या कॉम्प्युटरवर चढवायचे, आणि चार-पाच दिवसांनी उत्तर फ्लॉपीवर घेऊन नौपाड्याहून पाठवून द्यायचे.

पहिल्यांदा हे अण्णांना समजावलं तेव्हा आई मध्येच म्हणाली, "म्हणजे फुकट राबायचं? वर लाइट आपली?" अण्णा किती दिवसांनी नीट बोलले त्या दिवशी. म्हणाले, "श्रमदान आहे ते. विहाराच्या भिंती काय पैसे घेऊन बांधल्या आपण? घमेली वाहिली ना? तसं हे. मशीनचं श्रमदान." मग ते कॉम्प्युटरसमोर उकिडवे बसले, डब्याला हात लावून बघितला, कान लावला. "आवाज बरा आहे," म्हणाले. "हे चालू असताना बघणार कोण?"

आता इथे मी खोटं बोलले. तो प्रोग्राम आपला आपण चालायचा. दर थोड्या वेळाने केलेलं काम आपणच जपून ठेवायचा. घरात कुणी नसलं, लाइट गेली, छप्पर उडालं, तरी त्याचं काही बिघडत नव्हतं. पुन्हा सुरू केला की थांबला होता तिथून पुढे. पण अण्णांनी "बघणार कोण" विचारलं तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्हीच बघा ना अण्णा. लाइट गेली की हा यूपीएस पाच मिनिटं तग धरतो. तेवढ्यात नीट बंद करायचं. नाही केलं तर सगळं पहिल्यापासून." त्यांनी मान डोलावली. "म्हणजे माणूस पाहिजेच," म्हणाले. मी म्हटलं, "पाहिजेच." चांगल्या मनाने बोललेले मी. ते आजही मला मान्य आहे, आणि त्याचा काडीचा उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी शंभर पानी वही आणली, पट्टीने रकाने आखले. तास, आकडा (तुकडा किती टक्के झाला तो), डब्याची उष्णता (ती हाताने: थंड, कोमट, गरम), लाइटची स्थिती, शेरा, सही. सकाळी सहा ते दोन त्यांची पाळी, दोन ते दहा माझी किंवा आईची, आणि रात्रपाळी माझी, म्हणजे मी त्या डब्याशेजारी चटई टाकून घोरायचे. मी सही करताना आधीचे शेरे वाचले नाहीत तर ओरडा बसायचा. नीट बंद कसं करायचं ते मी आईला शिकवलं, अण्णांनी तिची तोंडी परीक्षा घेतली आणि पास केलं. शेजारच्या म्हात्रेकाकू, इथल्याच आगरी, मोठ्या आवाजाच्या आणि मायाळू, त्या कधी जवळ्याची बारीक मासळी निवडायला आमच्या दारात बसायच्या. अण्णांना संडासला जायचं असलं तर त्यांना पाच मिनिटं लक्ष ठेवायला सांगायचे, पण चार्ज द्यायचे नाहीत. "सर्टिफिकेट पाहिजे वहिनी." काकू म्हणायच्या, "मना नको बाबा तुमचा सर्टिफिकेट! मी माजा जवला बगतंय."

आणि अण्णा जेवायला लागले. भाकरीचा तुकडा मोडता मोडता मला विचारायचे, तो आवाज किती लांबून येतो, पाठवणारा अजून जिवंत असेल का. मला काय डोंबल माहीत! मी थापा मारायचे. लाइट गेली की अख्खी चाळ "ओऽऽ" करायची, यूपीएस कुईंकुईं करायचा आणि अण्णा उडी मारून खुर्चीत. पाच मिनिटांचं काम दोन मिनिटांत करून घाम पुसत बसायचे, चेहऱ्यावर मात्र असा आनंद! एकदा मी क्लासमधून एक पान छापून आणलं. कुणी किती तुकडे तपासले त्याची यादी होती ती. मी नोंदणी त्यांच्या नावाने केलेली. हजारो नावांच्या खाली कुठेतरी अण्णांचं नाव. आई म्हणाली, "एवढ्या खाली?" अण्णांनी तो कागद विहारात नेऊन सगळ्यांना दाखवला. परत येऊन म्हणाले, "खाली का असेना, आहोत ना." त्या पावसाळ्यात आमचं घर जितकं आनंदात होतं तितकं पुन्हा कधी नव्हतं. हे लिहिताना मला रडू येतंय, तर येऊ दे.

तो दिवस गुरुवारचा. शहाडला मावशीच्या नातीचं बारसं होतं, आई सकाळीच गेलेली. माझी शिकवणी साडेबाराला संपायची, त्यामुळे दोनची पाळी मी घेणार असं ठरलेलं. निघताना अण्णांनी दोनदा विचारलं, "दोन ना?" मी चपला घालता घालता म्हटलं, "हो हो, दोन म्हणजे दोन."

साडेबाराला क्लासच्या दारात एक मुलगा उभा होता. नाव सांगत नाही. तो आता दोन मुलांचा बाप आहे आणि ती मुलं माझी नाहीत. तो म्हणाला, चल, तलावपाळीवर जाऊ. मला अण्णांची आठवण आली, अगदी लख्ख आली. आणि लगेच मनात आलं, जाऊ दे, तो डबा काय माणसाची वाट बघतोय? चालतोय आपला आपण. मला उशीर झाला, कारण खरं काय ते मला ठाऊक होतं. ते अण्णांना ठाऊक असतं तर तेही उठून गेले असते. आम्ही भेळ खाल्ली. बोटीत बसलो. कशाकशावर हसलो ते आता एकही आठवत नाही.

घरी पोचले तेव्हा साडेपाच झालेले. म्हात्रेकाकू आमच्या दारातच होत्या. मी जिना चढतानाच त्यांनी वरून सुरू केलं. "अगो कुठं होतीस तू? तुजा बापूस दुपारपासून छातीवर हात धरून बसलाय! मी बोलली, चला, रिक्षा बोलवतंय, तोंड बगा कसा काला परलाय. तं ऐकतच नाय!"

"मग बंद करून न्यायचं ना त्यांना!" मी ओरडले. त्यांच्यावर. बघा माझी हिंमत.

"तेच बोलली! बोलली, बंद करा मेला तो डबा. तं बोलतात कसे, लाइट गेली तर बंद करायचा. मानसाचं पोट दुखलं म्हनून प्लांट बंद करत नाय, वहिनी. बोलली, मी बसतंय. तं बोलले, सर्टिफिकेट पाहिजे. पोरगी दोनला येते बोलली, येईलच. येईलच, येईलच, हाच चालवलाय!"

अण्णा खुर्चीत ताठ बसलेले. शर्ट घामाने भिजलेला, ओठ निळसर. डावा हात मांडीवर मेल्यासारखा. मला बघून त्यांनी आधी वही पुढे सरकवली. "चार्ज घे," म्हणाले. आवाज कुठून तरी खोल येत होता. मी म्हटलं, "अण्णा, चला आधी!" त्यांनी मान हलवली. मी आकडा वाचला, शहाण्णव पॉइंट सहा, आणि सही केली. सही करताना वरचे शेरे दिसले. दोन वाजता: रिलीव्हर नाही. तीन: रिलीव्हर नाही, घाम. चार: रिलीव्हर नाही, हाताला मुंग्या, मशीन ठीक. पाचला नुसतं: मशीन ठीक. अक्षर खाली खाली घसरत गेलेलं.

सही झाल्यावर ते उठले. स्वतःच्या पायांनी जिना उतरले. काकूंच्या मुलाने रिक्षा आणलेली. रिक्षात त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि मी "आलंच अण्णा, आलंच" एवढंच म्हणत होते. मानपाडा रोडच्या खड्ड्यांतून रिक्षा उडत होती. दवाखाना दिसायला लागला तेव्हा ते म्हणाले, "उशीर होणार असला तर निरोप पाठवायचा असतो, सुजा." रागावून नाही. नवीन माणसाला शिकवावं तसं. त्यानंतर ते काही बोलले नाहीत. डॉक्टर म्हणाले, दुपारीच आणायला पाहिजे होतं.

आई शहाडहून आली ती बारशाच्या घुगऱ्यांचा पुडा हातात घेऊनच. पुढचं मला सलग आठवत नाही. पांढरे कपडे, त्रिशरण, खोलीत मावेनात इतकी माणसं. गर्मी होत होती म्हणून कुणीतरी टेबलफॅन आणला आणि तो लावायला यूपीएसचा प्लग काढला. यूपीएस रडत राहिला असणार पाच मिनिटं. त्या रडारडीत कुणाला ऐकू येणार?

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने कॉम्प्युटरवरची धूळ पुसली आणि मला म्हणाली, "सुजे, तो तुकडा सुरू कर." मी म्हटलं, "कशाला आता?" "त्यांचं काम अर्धं राहिलंय. पहिल्यापासून करावं लागलं तरी चालेल. चार दिवस मी बसते. ब्लाउजं काय, होतील." मी टाळाटाळ केली. वीज कमी-जास्त होतेय म्हटलं, फ्लॉपी खराब झाली म्हटलं. ती हटली नाही. खुर्ची ओढून पदर खोचून बसली. तेव्हा माझ्यात एवढंही धैर्य नव्हतं की आधी तोंडाने सांगावं. मी बटण दाबलं.

पडदा उजळला. थोडा वेळ गेला आणि आकडा आला. आईने सवयीने तो मोठ्याने वाचला. "अठ्ठ्याण्णव पॉइंट एक." मग तिने पुन्हा वाचला, मनातल्या मनात, ओठ हलवत.

"हे पहिल्यापासून नाही," ती म्हणाली.

"नाही."

"नीट बंद केलेलं कुणी?"

"कुणीच नाही. फॅनसाठी प्लग काढलेला."

ती माझ्याकडे वळली नाही. पडद्याकडेच बघत होती. "म्हणजे याला माणूस लागतच नव्हता."

"नव्हता लागत."

"आणि तुला ठाऊक होतं."

"पहिल्या दिवसापासून," मी म्हटलं. "त्यांना बरं वाटावं म्हणून बोलले गं आई. ते गॅलरीत उभे राहायचे ना, म्हणून."

आईने मला मारलं. मी लहान असताना कधी मारलं नव्हतं, ते त्या दिवशी मारलं, पाठीत, दोन्ही हातांनी, हात दुखेपर्यंत. मी उभीच राहिले. मलाही ते हवं होतं. अण्णा गेले त्या वयाला मी आता आले आहे, आणि अजून वाटतं की तिने आणखी मारायला हवं होतं, एवढ्यात थांबायला नको होतं. पण ती थांबली. धाप लागून खाली बसली, कपाळ खुर्चीच्या कडेला टेकवून.

आवाज ऐकून म्हात्रेकाकू दारात आल्या. "काय झायला गो?"

आईने डोळे पुसले, उठली, केस सारखे केले. तिला एवढं बोलायला कुठून जमलं देव जाणे. "काही नाही वहिनी. ह्यांचं काम पूर्ण होत आलंय बघा. दोनच राहिलेत. ते बघून भरून आलं." काकूंनी पदर डोळ्यांना लावला, "पुण्यवान मानूस व्हता," म्हणाल्या आणि गेल्या.

आईने दार लोटून घेतलं. माझा दंड धरला, घट्ट, नखं रुतेपर्यंत.

"कुणाला बोलायचं नाही. कध्धी नाही. मी तुला माफ केलं असं समजू नकोस, ते नाही व्हायचं माझ्याने. पण विहारात, चाळीत, गावाला, सगळ्यांना मी सांगितलंय, माझा माणूस घरी बसून नाही गेला, ड्युटीवर गेला. आता तू त्यांची ड्युटी पण काढून घेणार आहेस का?"

मी नाही म्हटलं. आई होती तोवर मी हे कुणालाही सांगितलं नाही. ती गेल्या वर्षी गेली.